पाण्याखालचा चौथरा

टॉवेलच्या घडीतून फक्त नाकाचं टोक बाहेर आलेलं – गुलाबी, ओलं, सतत हलणारं – आणि मिशीच्या एका केसाला लटकलेला थेंब काही पडायला तयार नाही. ओळखीसाठी कानाला खाच पाडलेली ही उंदरीण, म्हणून प्रयोग करणाऱ्या संशोधिकेनं तिचं नाव ठेवलं होतं कानतुटी. आज कानतुटी भरकटली नाही. पांढुरक्या पाण्यात सोडल्याबरोबर सरळ पलीकडच्या कडेला पोहत गेली आणि पाण्याखाली दडवलेल्या चौथऱ्यावर चढून अंग झाडत बसली. अल्झायमरची म्हातारी उंदरीण... वाट आठवली हिला! निम्म्या उंदरांना तरुण रोगप्रतिकारक पेशी टोचल्या होत्या, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, हे या खोलीत कोणालाच ठाऊक नसायचं. तरी तिच्या मनानं केव्हाच कौल दिला होता – पेशीच. आणि तेवढ्यावर न थांबता ते घरी खिडकीशी बसलेल्या आईपर्यंत जाऊन पोहोचलं होतं. उंदरापासून माणसापर्यंतची वाट किती लांबची, हे विद्यार्थ्यांना शिकवणारी मी, आणि मीच अशी धावत सुटते...

"लेकीचं न्हाणं झालं का?" सहकारीण दारातून म्हणाली. मग हसू आवरून, "काय ग, तू रोज इथंच उभी राहतेस? तिला सोडल्यावर पडद्यामागे नाही जात?"

"जायचं असतं ग... पण बुडेल की काय, असं वाटतं."

"उंदीर बुडतोय! पट्टीचे पोहणारे ते. अग, वाट ओळखायला भिंतीवर लावलेल्या खुणा कशाला बघेल ती? चौथऱ्यामागे तू खांबासारखी उभी. तूच तिची खूण."

दुपारी ती पडद्यामागे गेली. फटीतून दिसत होतं – कानतुटी निघाली, थबकली, आणि गोल गोल फिरत राहिली. मान वर काढून, आपण रोज उभ्या असतो त्या रिकाम्या जागेकडे बघत. शेवटी तिनंच जाऊन कानतुटीला उचललं. सगळं पहिल्यापासून करावं लागणार. पेशींनी काही केलं की नाही, याबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही. चूक, निखालस चूक – तरी कोणीतरी आपल्याला शोधत होतं, याची ऊब छातीतून जाईना.

संध्याकाळी आई खोलीतून बाहेर आली. अलीकडे ती स्वतः स्वयंपाकघराच्या दारात उभी राही, म्हणजे आईला वाट सापडे. दारावर खुणेसाठी मुद्दाम चिकटवलेल्या रंगीत कागदांकडे आईनं कधी पाहिलंच नव्हतं. आज बाजूला व्हावं, बघावं तरी... पण भिंतीला हात लावत लावत आई येऊन पोहोचलीसुद्धा.

"केव्हाची उभी आहेस ग? बस की. पाय काय भाड्यानं आणलेत?"

रोज या क्षणी ती विचारायची – मी कोण, सांग बघू? – आणि आई कावरीबावरी व्हायची. थोरल्या बहिणीचं नाव, मग शेजारणीचं, मग नुसतंच ओशाळं हसू. आजही प्रश्न ओठांशी आला. उद्या पडद्यामागे जायचंच आहे. तिथं आपण कोणीच असता कामा नये. इथं मात्र... आईनं तिचं मनगट धरलं होतं, आणि ते कोणाचं म्हणून धरलं होतं, हे विचारल्यावाचून आज पहिल्यांदाच तिला राहवत होतं.