तळाशी अंथरलेले पत्र

मी एक जुनी ब्रेल पाटी आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलेही नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मी मुळात पाहण्याची वस्तूच नाही, चाचपण्याची आहे. स्वतःविषयी बोलायची मला सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांचेच लिहून घेतले. आज बोलते आहे ते एका पत्रासाठी. ते पत्र नीलव्वाला आले होते आणि नऊ वर्षे तिने त्याचे उत्तर दिले नाही. त्यात थोडी चूक माझीही होती, असे मला अजून वाटते.

माझा जन्म डेहराडूनच्या एका कारखान्यात झाला. एक लाकडी फळी, तिच्या दोन्ही कडांना भोके, आणि त्या भोकांत अडकत अडकत खाली सरकणारी, बिजागरीने उघडणारी धातूची दुहेरी पट्टी, एवढेच माझे शरीर. पट्टीत बारीक खिडक्यांच्या ओळी आहेत. पट्टीत जाड कागद धरायचा आणि लाकडी मुठीच्या टोचणीने एकेका खिडकीत ठिपके टोचायचे. एका खिडकीत जास्तीत जास्त सहा. त्या सहांतच सगळी अक्षरे. लिहायचे उजवीकडून डावीकडे. मग कागद उलटला की ठिपके वर येतात आणि बोटे डावीकडून उजवीकडे वाचू लागतात. म्हणजे मला अक्षरांची नेहमी पाठच दिसते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडले त्यात माझी बाजू मांडायला माझ्याकडे एवढेच आहे.

कारखान्यातून मी कोप्पळ जिल्ह्यात आले, हालय्या मास्तरांच्या पिशवीत. मास्तर जन्मापासून अंध. एका संस्थेच्या कामासाठी ते बसने बारा गावे फिरत. अंध माणसांना काठीने चालायला शिकवत, घरच्यांकडून दारापासून परसापर्यंत दोर बांधून घेत, आणि माझ्यावर लिहायला शिकवत. माणूस इतका भिडस्त की प्रत्येक वाक्याच्या शेवटी "चुकत असेन मी" असे म्हणे. त्यांच्या पिशवीत ब्रेलमधले एक पुस्तक कायम असायचे, चांगले वीतभर जाड. बसचा कंडक्टर ते चाचपून विचारायचा, "मास्तर, एवढ्या भाकरी कुणासाठी?"

"वाचायच्या आहेत," मास्तर पुटपुटत आणि कानापर्यंत लाल होत.

हुणसीकट्टी गावात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नीलव्वा सोळा वर्षांची होती. चौदाव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. तेव्हापासून दोन वर्षे ती धान्याच्या कणगीशेजारी बसून होती. तिची आई, तिला सगळे अव्वा म्हणत, तिला हाताने भरवायची, वेणी घालायची, हात धरून परसात न्यायची.

"मला वाटतं, तिला शेंगा फोडता येतील," मास्तर म्हणाले.

"आंधळ्या पोरीला काम सांगू?" अव्वा कडाडली. "लोक काय म्हणतील मला?"

"लोक मलाही आंधळाच म्हणतात, अव्वा. पण मी दोन बस बदलून तुमच्या दारात आलोय. चुकत असेन मी."

अव्वा आत गेली आणि सुपात शेंगा घेऊन आली. मास्तरांनी त्यांतल्या सहा निवडल्या आणि नीलव्वाच्या पुढ्यात दोन उभ्या ओळींत मांडल्या. ही पहिली शेंग, ही दुसरी. एक ठेवली की एक अक्षर, दोन ठेवल्या की दुसरे. नीलव्वाची बोटे शेंगांवरून फिरू लागली. मास्तर पुढच्या आठवड्यात परत आले तेव्हा तिने खालच्या आवाजात सांगितले, "मास्तर, धडा मी खाल्ला."

"कुठलं अक्षर?"

"सगळीच."

मास्तर हसले. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना त्याआधी ऐकले नव्हते. त्याच दिवशी त्यांनी मला पिशवीतून काढले आणि नीलव्वाच्या मांडीवर ठेवले. "ही आता तुझी," ते म्हणाले. त्यांच्याकडे दुसरी पाटी होती, पण माझी बिजागरी जास्त चांगली होती, हे मला ठाऊक आहे.

पुढची काही वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात गजबजलेली. नीलव्वा गाणी लिहायची, मसाल्याचे प्रमाण लिहायची, भावाशी भांडण झाले की ते लिहायची. दोराला धरून विहिरीवर जाऊ लागली, मग दोर सोडून काठीने. ज्वारीची भाकरी थापू लागली. गावातल्या बायका मला हात लावून बघत आणि म्हणत, "यव्वा, ही पोरगी तर गोधडीला टाके घालावेत तशी लिहिते!" मला ते कौतुकच वाटायचे.

मग मास्तरांचे वय झाले. फेऱ्या विरळ होत होत थांबल्या. नीलव्वाने तेव्हा त्यांना एक पत्र लिहिले. माझ्यावरच लिहिले, म्हणून त्यातला शब्दन् शब्द मला माहीत आहे. "मास्तर, मला काहीतरी काम सांगा. शिकलेलं घेऊन मी नुसती घरात बसणार नाही. उत्तर लवकर द्या." पत्र टपालात पडले आणि दुसऱ्याच दिवशी ती अव्वाबरोबर मामाच्या गावी कापूस वेचायला गेली, महिनाभरासाठी.

घरात उरले दोघेच. तिचा भाऊ मल्लप्पा आणि त्याची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको महादेवी. नीलव्वा तिला अत्तिगी म्हणे, म्हणजे वहिनी. महादेवीने माझ्यावर कुणाला लिहिताना कधी पाहिलेच नव्हते. त्या महिन्यात, घरचा कर्ता म्हणून मल्लप्पाच्या नावाने, एक उघडे पाकीट आले; अंधांचे टपाल उघडेच पाठवतात. आत जाड, पिवळसर कागद. शाईचे एक अक्षर नाही, नुसते ठिपके. आता आमच्याकडे ठिपके म्हटले की बाईमाणसाच्या मनात एकच गोष्ट येते, रांगोळी. महादेवीची माहेरची बहीण तिला रांगोळ्यांचे नमुने नेहमीच पाठवायची. हा तिचाच कागद, असे धरून महादेवी अंगणात खडू घेऊन बसली आणि ठिपके जोडू लागली. कमळ येईना, तुळस येईना, काहीच येईना. पण कागद चांगला जाड होता. नीलव्वाच्या पत्र्याच्या पेटीचा तळ गंजून तिच्या लुगड्यांना डाग पडतात, हे तिने पाहिले होते. तिने तो कागद प्रेमाने पेटीच्या तळाशी अंथरला.

नीलव्वा परत आली. "पत्र आलं का गं, अत्तिगी?"

"नाही बाई," महादेवी म्हणाली, आणि ती खरेच बोलत होती.

नीलव्वाने पावसाळाभर वाट पाहिली, मग सुगीभर. एक दिवस तिने मला उचलले, पेटीतल्या कपड्यांखाली हात घालून अगदी तळाशी ढकलले आणि झाकण आपटले. "मास्तर विसरले," एवढेच म्हणाली.

मी त्या पत्रावर पाठ टेकून नऊ वर्षे पडून होते. लाकडाला बोटे नसतात, मित्रांनो. माझ्या पाठीला काहीतरी टोचत होते, हे मला जाणवायचे. ती गंजाची खपली असेल, असे मी समजत राहिले.

त्या नऊ वर्षांत अव्वा गेली. पडद्यावरचे मोठ्याने वाचून दाखवणारे, बोलणारे फोन घरात आले. नीलव्वाची जीभ धारदार झाली. ती भाकऱ्या करायची, शेंगा फोडायची, आणि कुणी तिच्या लिहिण्यावाचण्याविषयी विचारले तर म्हणायची, "ते सगळं पेटीत आहे."

मग हुसेनबी आली. तिचा एक पाय लहानपणी पोलिओने गेलेला; कुबडी टेकत ती गावोगाव फिरते आणि अपंगांचा संघ चालवते. कुबडीचा आवाज ओसरीवर थांबला आणि तिने हाक मारली, "नीलव्वा! बसच्या पासासाठी तुझा जुना अपंगत्वाचा दाखला लागतोय. काढ."

"मी बसने कुठे जाणार आहे?"

"शेजारच्या गावी चल माझ्याबरोबर. हणमव्वा म्हणून बाई आहे, तिची नजर गेली. वर्ष झालं, भिंतीकडे तोंड करून बसलीय. घरचे हाताने भरवतात. मी सांगायला गेले तर म्हणाली, तुला दिसतं, तू काय सांगणार? मला सांग आता, मी काय डोळे फोडून घेऊ?"

"मास्तरांना सांग."

"मास्तर मुंडरगीला लेकीकडे असतात. कानांनी आता काहीच ऐकू येत नाही. फोन लावून उपयोग नाही. लेकीला ब्रेल येत नाही. नुसते बसून असतात."

नीलव्वा उठली. दाखला शोधायला तिने पेटी ओढली, कपडे बाहेर काढले, मला बाहेर काढले. दाखला सापडेना म्हणून तळ चाचपू लागली. आणि तिचा हात थांबला.

"अत्तिगी, हा कागद कसला?"

"तो होय?" चुलीपाशी बसलेली महादेवी हसली. "माझ्या बहिणीनं पाठवलेली रांगोळी. फार वाईट होती गं, ठिपके जुळेचनात. म्हणून अंथरला तिथे."

नीलव्वाने कागद उचलून मांडीवर घेतला. तिची बोटे आधी भराभर धावली, मग हळू झाली. तिने मोठ्याने वाचले.

"नीलव्वा, तू काम मागितलंस. माझी बारा गावं तू घेशील का? संस्थेला मी तुझं नाव सांगितलं आहे. मला वाटतं, तुला जमेल. तुझ्याइतकी..." बोटे अडली. "इथला शब्द दबलाय. पाटीचा कोपरा बरोबर इथेच बसत होता." मग पुढे: "...दुसरी कुणी मला भेटली नाही. चुकत असेन मी. हो असेल तर एक ओळ लिही. नाही आली तर समजून घेईन. हालय्या."

चुलीतले लाकूड तडतडले. महादेवीचे हात पिठातच राहिले होते.

"तुझ्या अक्षरांवर मी खडूनं कमळ काढत बसले होते," ती कशीबशी म्हणाली. "नऊ वर्षं. मला माफ कर गं."

नीलव्वाचा हात पेटीच्या झाकणावर गेला. मला वाटले, आता ती पुन्हा झाकण आपटेल. पण तिने विचारले, "मग, आलं का कमळ?"

"नाही!" महादेवी हसत हसत रडली.

"तो दबलेला शब्द कोणता असेल?" हुसेनबी म्हणाली. "तुझ्याइतकी भांडखोर?"

"तुझ्याइतकी शहाणी," महादेवीने नाक पुसत सांगितले.

"दोन्ही असेल," नीलव्वा म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पण आता उशीर झाला. मी नाही म्हणाले, असंच ते नऊ वर्षं समजत असतील. कुठल्या तोंडानं लिहू?"

"एक ओळ लिही म्हणालेत. कधीपर्यंत, ते लिहिलंय का त्यात?" हुसेनबीने विचारले.

नीलव्वाने पुन्हा शेवटची ओळ चाचपली. "नाही."

"मग झालं तर!"

तरी ती लगेच लिहायला बसली नाही. "आधी जाऊन येते," ती म्हणाली. "जमलं तर हो म्हणेन. न जमता मास्तरांना पुन्हा आशा लावणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काठी घेतली. महादेवीने तिच्या पदराला मूठभर शेंगा बांधल्या. मी पिशवीत होते. माझी बिजागरी गंजली होती, आणि हणमव्वासमोर मी उघडलेच नाही तर, या काळजीने मी बसमध्ये अर्धी झाले.

संध्याकाळी परतल्यावर तिने महादेवीकडून माझ्या बिजागरीला खोबरेल तेल लावून घेतले, कागद अडकवला आणि टोचणी हातात घेतली. मी प्रत्येक ठिपका ओळखला. नऊ वर्षांनंतरही तिचा हात मुळीच अडखळला नाही.

"मास्तर, तुमचं पत्र काल वाचलं. त्याआधी घरात त्याची रांगोळी काढत होते, ते भेटल्यावर सांगेन. हो. आज हणमव्वाकडे गेले होते. तिच्यापुढे सहा शेंगा मांडल्या. तिनं पहिलाच धडा खाल्ला."

मित्रांनो, मी काही उपदेश करण्याच्या योग्यतेची नाही. पत्रावर नऊ वर्षे पडून राहिलेली मी पाटी. पण तुमच्या घरात किंवा शेजारी कुणी न दिसणारे, न चालणारे, न बोलणारे माणूस असेल, तर त्याच्या नावचा कागद तुम्हाला कोरा वाटला तरी तो त्याच्याच हातात द्या. आणि त्याला काम सांगा. भरवू नका, शेंगा पुढ्यात ठेवा.

आम्ही सगळ्या टपाल कचेरीत गेलो. अंधांच्या पत्राला तिकीट लागत नाही. महादेवीने ते पत्र कुणाला धरू दिले नाही. दुधावरची साय मोडू नये तसे दोन्ही तळहातांवर धरून तिनेच ते घरापासून नेले. शरणप्पा पोस्टमास्तरांनी ठोकायला शिक्का वर उचलला.

"सावकाश!" महादेवीने पाकिटावर स्वतःचा हात आडवा धरला. "तिथे ठोकू नका. ती अक्षरं आहेत."

"कुठे आहेत? मला तर काहीच दिसत नाही."

"मलाही नव्हती दिसली," ती म्हणाली.

शरणप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा नीलव्वाकडे. मग अगदी कडेला, कोपऱ्यात, हलकेच शिक्का टेकवला. मुंडरगीचे पोते भरत आले होते. त्यांनी आतली पुडकी खाली दाबली, वर जागा केली, आणि ते पत्र सगळ्यांत वर ठेवले.