कॉफी मशीनची उंची

आमची गाडी म्हणजे चाकांवरचं घर. ओट्यावर दोन कप ठेवले की तिसऱ्याला रस्त्यावरच बसावं लागतं. म्हणून कपाटाखाली टांगायचं कॉफी मशीन मी हट्टानं शोधून आणलं. ते बसवायला धाकटा दीर आला.

“वहिनी, एवढं वर? तुझा हात पोचायचा नाही.”

“तू अक्कल पाजळू नकोस, ड्रिल चालव. खाली लावलंस तर भांडी धुताना यांचं डोकं आपटेल, आणि दिवसभर बडबड मला ऐकावी लागेल!”

दीरानं हातातलं ड्रिल ओट्यावर ठेवलं. त्याचा भाऊ जाऊन महिनाही झाला नव्हता.

मग त्यानं मशीन मी म्हटलं तिथेच बसवलं.

आता रोज सकाळी मी स्टुलावर चढून कॉफी करते. डोकं कुणाचं आपटत नाही आणि बडबडही कुणी करत नाही.