होबर्टची फिडल आणि सापाचा खुळखुळा

मित्रांनो, मी एक जुनी फिडल आहे. शहरातले लोक मला व्हायोलिन म्हणतात, पण आमच्या अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात तसं म्हणणाऱ्याला सगळे हसतात. होबर्टच्या वडिलांनी मला मेपलच्या लाकडातून घडवलं आणि माझ्या पोटात खुळखुळ्या सापाच्या शेपटीचं टोक टाकलं. आमच्याकडे तशी रीतच आहे. त्यानं म्हणे उंदीर फिरकत नाहीत आणि दमट हवेत आवाज बसत नाही. मला उचललं, की आत खुळखुळ होई.

होबर्ट जन्मापासून आंधळा. डोंगरातल्या म्हाताऱ्यांच्या चाली त्यानं कानांनी गोळा केल्या. म्हातारे एकेक करून गेले, चाली आम्हा दोघांपाशी राहिल्या. लग्नांत, नाचांत माझं फार कौतुक झालं. पुढे त्याची बोटं आखडली आणि मी तीन वर्षं खुंटीवर धूळ खात होते. पाठीला चीर गेली, तरी कुणाला पत्ता नाही.

मे महिन्यात कबरींना फुलं वाहायच्या दिवशी होबर्टच्या आईची चाल वाजायची. ती पुरती त्याला एकट्यालाच येत होती. यंदा कशीबशी वाजवतो म्हणाला, म्हणून त्याची पुतणी डेला हिनं मला शहरातून दुरुस्त करून आणलं. डेला शाळेची बस चालवते आणि काकाकडे शिकते. दुरुस्तीवाल्यानं चीर सांधली, आणि कचरा समजून खुळखुळाही फेकून दिला.

कबरींपाशी होबर्टनं मला कानाजवळ हलवलं.

"ही माझी नाही. फसवलं गं तुला त्यानं!"

"काका, तीच आहे!"

"आंधळा आहे मी, बहिरा नाही! परक्या फिडलवर आईची चाल वाजणार नाही."

मला फार वाईट वाटलं. वाजवल्याशिवाय मी बोलणार तरी कशी?

डेला भडकली. "मग ऐका तरी!" म्हणत तिनं मला खांद्याला लावलं. चाल तिला अर्धीच येत होती. मध्येच ती अडली.

"अगं, तिथं एक ठोका जास्त!" होबर्टला राहवेना. तो गुणगुणत राहिला, ती वाजवत राहिली. तिसऱ्या खेपेला चाल पुरी झाली.

होबर्टनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तीच आहे," तो म्हणाला. "हातात असताना कधी अशी ऐकूच आली नाही. तुझ्याकडेच ठेव, पोरी."

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर साफ करा, पण पोटातलं काही फेकण्याआधी त्यांच्या माणसाला विचारा. आणि शिकवणारा आहे तोवर शिकून घ्या. हल्ली डेलाची बस दारात थांबली, की होबर्ट आतूनच ओरडतो, "आधी आईची वाजव!"