ललित सरांची ‘चला परत’ मोहीम

ललित सर अमरावतीत आले तेव्हा पुण्याहून प्लास्टिकच्या रोपट्यांची खोकी घेऊन आले. हॉटेलच्या हॉलमध्ये जमलेल्या, घरून काम करणाऱ्या प्रत्येकाला एकेक रोपटं मिळालं. कुंडीवर कंपनीचं नाव आणि खाली दोन शब्द: ‘चला परत’. हे आपल्या टेबलावर ठेवायचं, आणि टेबल अर्थातच पुण्याला.

दीपमालाने ते उलटसुलट करून पाहिलं. पाणी नको, ऊन नको, ठेवलं तिथे गप उभं राहणार. कंपनीला कशी माणसं हवीत हे कंपनीने इतक्या प्रामाणिकपणे याआधी कधी सांगितलं नव्हतं.

विम्याचे दावे तपासायचं काम ती करायची. कोरोनात पुण्याहून अकोल्याला परतली ती तिथेच राहिली. जुन्या शहरातल्या घरी माडीवरच्या खोलीत तिचं टेबल होतं, आणि कामाबद्दल कधी कुणाची तक्रार नव्हती. तरी आता कंपनीच्या वरच्या मंडळींना एकाएकी माणसांची आठवण येऊ लागली होती. पुण्यात घेतलेल्या इमारतीचे मजले ओस पडले होते, ते कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत होतं. पण असं सरळ सांगेल ती कंपनी कसली.

ललित सर मूळचे अमरावतीचेच. पण पुण्यात राहून त्यांनी बोली अशी घासूनपुसून काढली होती की शेजारच्या बडनेऱ्याचं नावसुद्धा ते परगावचं असल्यासारखं घेत.

“आपण एक कुटुंब आहोत,” ते म्हणाले. “चहा पिता पिता ज्या कल्पना सुचतात ना, त्या घरी बसून सुचत नाहीत.”

दर्यापूरचा कुंदन मागून म्हणाला, “सर, मले तर हापिसात असतानाबी कधी सुचली नाही. कंपनीले तवा काही फरक पडला होता काय?”

लोक हसले. सरही हसले, पण नुसते दातांनी.

मग बार्शीटाकळीची शकुन उठली. तिच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं, आणि अकोल्याला त्यांना नेणारं तिच्याशिवाय कुणी नव्हतं. मला घरून काम करू द्या, एवढंच तिने मागितलं. सरांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, “शकुन, वैयक्तिक अडचणी कुणाला नसतात? एकाला सूट दिली की मोहीम संपली.”

शकुनने रोपटं खुर्चीवर ठेवलं आणि ती निघून गेली. त्याच आठवड्यात तिने राजीनामा दिला. कंपनीने तिला उत्तर पाठवलं, त्यात ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ असं होतं.

दीपमालाला ते सगळं किळसवाणं वाटलं. पण नोकरी सोडायची तर हातात दुसरं काही हवं. तिने बॅग भरायला घेतली तेव्हा तिचे वडील देवमन दारात येऊन उभे राहिले. त्यांची सारी हयात सरकारी कचेरीत गेली होती.

“हापिसात जाऊन कोणी काम करते काय?” ते म्हणाले. “मी जिंदगीभर गेलो. मले माईत आहे.”

“जाऊ द्या तिले,” आई भागीरथा म्हणाली. “पाहून तर येऊ दे काय दिवे लावून राहिले तिथं.”

दिवे भरपूर होते. अख्खा मजला झगझगत होता, आणि त्या उजेडात लोक कानांना यंत्रं लावून आपापल्या पडद्यांशी बोलत होते. दीपमालाच्या गटातला एकही जण त्या इमारतीत नव्हता. कुणी इंदूरला, कुणी चेन्नईला, आणि कुंदन दुसऱ्या इमारतीत. जे बोलणं ती अकोल्याहून पडद्यावर करायची, तेच आता दीड तास बसमध्ये उभं राहून येऊन पडद्यावरच करायची. चहाचं यंत्र होतं. तिथे लोक रांगेत उभे राहून मोबाइल पाहत, आणि कल्पना सुचलेला माणूस काही तिला दिसला नाही.

ललित सर रोज सकाळी पडद्यावर येत. मागे सगळं धूसर केलेलं. त्यांची केबिन बंद असे, पण ते दुसऱ्याच कुठल्या मजल्यावर बसतात असं सगळे धरून चालले होते.

एका सोमवारी सर ‘एकत्र बसण्यातली ऊर्जा’ समजावून सांगत होते. तेवढ्यात त्यांच्या मागून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, “ललित, सांबार घेऊ का रे? दारावर आली आहे बाई.”

सरांनी घाईघाईने आवाज बंद केला. दीपमालाच्या शेजारची पुण्याची मुलगी म्हणाली, “सर कँटीनमध्ये दिसतात. आज इडली आहे वाटतं.”

वऱ्हाडात सांबार म्हणतात कोथिंबिरीला. पुण्याच्या कँटीनमध्ये दारावर कोथिंबीर विकायला बाई येत नाही. दीपमालाला एकदम शकुन आठवली, खुर्चीवर रोपटं ठेवून जाताना ताठ राहिलेली तिची पाठ आठवली. सर परत बोलू लागले तसा तिने आपला माइक चालू केला.

“सर, अमरावतीले सांबार काय भाव देऊन राहिले?”

पडद्यावरचे सगळे चेहरे स्थिर झाले. इंदूरवाल्याला काही कळलं नाही. कुंदनला कळलं. त्याने तोंडावर हात धरला.

पाच मिनिटांत सरांचा फोन आला. घासूनपुसून काढलेली बोली जागच्या जागी परतली होती.

“दीपमाला, कावून केलं तू असं? सगळ्यांसमोर?”

“भाव विचारला, सर.”

“माझ्या मायचे गुडघे गेले आहेत. मी वरून परवानगी घेतली आहे. माझी गोष्ट अलग आहे.”

“शकुनच्या बाबांच्या किडन्या गेल्या आहेत.”

सर आवाज मऊ करून म्हणाले, “हे पाय, तुले पण देतो परवानगी. जाय अकोल्याले, आरामात कर काम. फक्त बाकीच्यांपाशी बोलू नको.”

माडीवरची खोली तिच्या डोळ्यांसमोर आली. नाही म्हटलं तरी क्षणभर मन तिकडे ओढलं. पण या माणसाच्या मेहेरबानीने त्या खोलीत बसायचं, आणि तो दुसऱ्यांना ‘चला परत’ सांगत असताना त्याच्याकडे बघून गप्प राहायचं, या विचाराने तिला स्वतःचीच शिसारी आली.

“आधी शकुनले फोन लावा,” ती म्हणाली. “तिले घ्या परत, घरून. मंग माझं पाहू.”

“तिची जागा भरली आता.”

“मंग माझीबी भरून टाका.”

अकोल्याला आल्यावर काही आठवडे ती रिकामी होती. मग एका दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर काम मिळालं, आणि ती रोज स्कूटी काढून जाऊ लागली. “आली का हापिसातच शेवटी?” असं देवमन चिडवायचे. तिला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. तिथे समोर माणसं होती.

दिवाळीच्या सुमारास कुंदनचा फोन आला. ‘चला परत’ मोहिमेबद्दल ललित सरांना कंपनीचं मोठं बक्षीस मिळालं होतं. समारंभ पुण्याच्या सभागृहात झाला, सगळ्यांना हजेरी सक्तीची होती, आणि सरांनी बक्षीस अमरावतीहून, पडद्यावर स्वीकारलं.

“टाळ्या वाजवल्या काय तुमी?” तिने विचारलं.

“वाजवल्या ना बाप्पा. नोकरी आहे.”

खिडकीशी एक बाई नवऱ्याचे कागद उलटे धरून उभी होती. दीपमालाने फोन ठेवला, बाजूची खुर्ची ओढली आणि म्हणाली, “बसा बाई. दाखवा मले.”