सिमेंटात भराचा वेत

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोरं शहाणी होतात म्हणतात. मी जरा जास्तच शहाणा झालो होतो. माझं प्रोजेक्ट होतं सिमेंटच्या बाकाचं, आत लोखंडी सळईऐवजी वेत. हा बाक आमच्या गावच्या बुद्धविहारासमोर म्हाताऱ्यांना बसायला ठेवणार, असंही मीच जाहीर करून बसलो.

वेत दिला साकोलीच्या धनीराममामांनी. चाळीस वर्षं ते वेताच्या खुर्च्या विणत आलेत, पण प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यापासून दुकानात माशा मारत बसायचे. माझं ऐकून त्यांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दुसऱ्याच दिवशी दुकानावर फळी लागली, स्वतःच्या हातानं रंगवलेली: 'सिमेंटात भराचा वेत मिळेल.'

"टोकं वाकवाले वेत भिजवा लागते," मामांनी बजावलं. "पण मंग सावलीत पंधरा दिवस वाळव. फरशीवर ठोकून पाह्य. टणटण वाजला तं पाणी लागू नये म्हणून डांबर लावून भर. थपथप वाजला तं थांब. ओला वेत सिमेंटात फुगते न् मंग वाळून आकसते. बाक आतून पोकळ होऊन जाते बाबू."

मी मान हलवली. परीक्षक महिन्याभरात येणार होते आणि नुसत्या सिमेंटलाच पक्कं व्हायला अठ्ठावीस दिवस लागतात. वेत थपथप वाजला. मी तो ऐकला आणि तसाच भरला. डांबराचा डबा तर उघडलाच नाही.

परीक्षकांनी पाठ थोपटली. बाक विहारासमोर गेला. तीन महिन्यांनी, पौर्णिमेच्या वंदनेनंतर सुंदरबाई त्यावर टेकल्या आणि बाक मधोमध मोडला. सत्तरीची बाई, मनगट गेलं.

लोक जमले. "काहून मोडला रे अश्विन?" कुणीतरी विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "वेत कच्चा होता."

दुसऱ्या दिवशी लोकांनी मामांना बोलावून घेतलं. ते बसने आले, मोडक्या बाकाजवळ उकिडवे बसले आणि दोन बोटांनी वेत ओढला. शेंगेतून दाणा निघावा तसा तो सुटून आला. त्यावर डांबराचा ठिपकाही नव्हता. मामांनी वेताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता संपलं.

"माझाच वेत हलका निघाला," ते सगळ्यांना म्हणाले. "पोराचं शेवटचं वर्ष आहे, त्याले नोका बोलू."

मी गप्प राहिलो. वाचा बसली होती म्हणायचीही सोय नाही. वाचा ठीक होती, मीच नालायक होतो.

निकाल लागला, प्रोजेक्टला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. आईनं शेजारी पेढे वाटले आणि मला तिच्याकडे बघवेना. साकोलीत गेलो की मामांच्या दुकानापाशी तोंड लपवून रस्ता ओलांडायचो. एकदा चोरून पाहिलं, तर फळी नव्हती.

पुढच्या पौर्णिमेला विहारात गेलो. सुंदरबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन वेताच्या नव्या खुर्चीत बसल्या होत्या.

"धनीरामनं आणून देली," त्या मला म्हणाल्या. "म्हणे, माझ्या वेतानं तुमचा हात मोडला, आता माझ्याच वेतावर बसा. हात जोडून गेला बिचारा."

पाय टेकायला खुर्चीखाली एक फळी जोडली होती. सुंदरबाईंच्या टाचांमधून अक्षरं दिसत होती: 'सिमेंटात भराचा'.

वंदना कशी संपली मला कळलं नाही. लोक उठू लागले.

"थांबा," मी म्हणालो. "मामाचा वेत चांगला होता. मीच ओला भरला. मामानं सांगतलं होतं, तरी भरला. डांबरही नाही लावलं. अन् तुमच्यासमोर खोटं बोललो."

कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. सुंदरबाईंनी वाकून खाली पाहिलं, आणि फळीवरचे आपले पाय हळूच बाजूला घेतले.