अक्काचं उत्तर

वेणीमाधव सोलापूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. १९७४च्या मार्चमध्ये वाचनालयाच्या व्याख्यानमालेत त्यांना सुरुवातीच्या ख्रिस्ती विचारवंतांवर बोलायचं होतं. घरी थोरली बहीण रुक्मिणी, त्यांची अक्का. आई गेली तेव्हा धाकट्याला सांभाळायला म्हणून तिने चौथीतूनच शाळा सोडली होती. त्या सुटलेल्या शाळेविषयी दोघं कधी बोलत नसत.

रविवारी दुपारी अक्का ओसरीवर वाकळ शिवत बसली होती. सराव म्हणून वेणीमाधव तिच्यासमोर येरझाऱ्या घालत बोलू लागले. सोळाशे वर्षांपूर्वी, आजच्या तुर्कस्तानात, ग्रेगरी नावाचा बिशप थोरल्या भावाच्या मृत्यूने खचून बहिणीकडे गेला. ती मॅक्रिना तर स्वतःच शेवटच्या आजारात, तापाने फणफणलेली. तरी त्याच्याशी आत्म्याविषयी बोलत राहिली. ग्रेगरीने पुढे ते सगळं लिहून काढलं आणि त्यात तिला गुरू म्हटलं.

"शिकली कुठं होती ती?" अक्काने विचारलं.

"घरीच. आईने शिकवलं."

"हं. पुढं सांग की."

"ग्रेगरी विचारतो, शेवटी आत्म्याला आपला देह परत मिळणार म्हणतात, पण तो देह मातीला मिळाला, पाण्यात गेला, वाऱ्यावर गेला, तर त्यातलं आपलं कुठलं हे आत्मा ओळखणार कसं?"

वेणीमाधव उत्तराचं पान शोधू लागले, तोच अक्काने वाकळ त्यांच्यापुढे सरकवली.

"ह्यात काय अवघड आहे रे? हा बघ आईच्या लुगड्याचा तुकडा. हा तुझ्या मुंजीतल्या उपरण्याचा. बोचक्यात सगळं कोंबलेलं, रंग उडालेले. तरी माझा हात बरोबर पडतो. ज्यानं वापरलं त्याला ओळख असतेच की."

वेणीमाधव जागीच थांबले. मॅक्रिनेने चित्रकाराचा दाखला दिला होता. रंग मिसळले तरी त्याला एकेक रंग ठाऊक असतो. बावीस वर्षं ते हे शिकवत होते, पण इतकं सोपं करून त्यांना कधी सांगता आलं नव्हतं.

शनिवारी अक्का बायकांच्या रांगेत येऊन बसली. व्याख्यान संपल्यावर मिशनच्या शाळेतले एक निवृत्त मास्तर उठले.

"सर, चित्रकारानं रंग स्वतः मिसळले, म्हणून त्याला ठाऊक. आत्म्यानं कुठं काय मिसळलं?"

उत्तर वेणीमाधवांच्या ओठांवर आलं होतं. आपलंच म्हणून खपवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. ते बायकांच्या रांगेकडे वळले.

"याचं उत्तर माझ्या बहिणीनं दिलंय. तीच सांगेल."

अक्का कानशिलापर्यंत लाल झाली. पण पदर सावरून उभी राहिली आणि वाकळीचं सगळं सांगितलं.

"मिसळलं नसेल मास्तर," ती शेवटी म्हणाली, "पण जन्मभर वापरलं की. ते कोण विसरतं?"

मास्तरांनी थोडा विचार केला आणि हात जोडले. "आता कळलं बाई."

परतताना दोघं नवी पेठेतली गर्दी ओलांडून आले. मग वेणीमाधव म्हणाले, "अक्का, तू शिकायला हवं होतंस."

"मग शिकव की! मी काय मेलेय?"

दुसऱ्या दिवशी ते पाचवीची पुस्तकं घेऊन आले. अक्काने ती चाळून बाजूला ठेवली.

"मला ते मॅक्रिनेचं वाचायचंय."

"अगं, ते इंग्रजीत आहे."

"मग इंग्रजी शिकव."

दोन वर्षं लागली. शब्दावर बोट ठेवून, अडखळत, विचारत ती वाचत गेली. वेणीमाधव शेजारी बसून अर्थ सांगत. पुष्कळदा तो तिला पटत नसे, आणि वाद घालता घालता दोघांचा चहा गार होई.