पाटलीणबाईंची लाल कोंबडी

"तुले सांगी ठेवस, त्या माळकऱ्याना घरले चिमटीभर राख बी जावाले नको!" छगन चुलीपुढं उकिडवा बसून ओला सदरा शेकत होता आणि बायकोवर तणतणत होता.

ऐन पौषात अवकाळी पाऊस रात्रभर गावाला धोपटून गेला होता. धानोऱ्याकडच्या त्या वस्तीतल्या साऱ्या चुली गार पडल्या होत्या, काड्यापेट्या सादळल्या होत्या. पेटती होती ती एकट्या छगनच्या बायकोची, दगूबाईची चूल. त्यालाही कारण होतं. ती दोघं येशूच्या मंडळीत गेली तेव्हा गावानं त्यांचं विस्तवपाणी बंद केलं. सकाळी शेजारणीकडून खापरीत विस्तव आणायची गावाची रीत; दगूबाईला कोण देणार? मग ती बाभळीचा निखारा गोवरीच्या राखेत पुरून ठेवायला शिकली. तान्ह्या लेकराला झाकावं तसा झाकायची.

त्या वेळी त्यांना पाण्यापासून अडवायला विहिरीवर काठी घेऊन उभा राहिलेला गडी कोण? हाच शेजारचा दलसिंग! यंदा त्यानं गळ्यात माळ घातली, दारू सोडली, देवापुढं दारूची धार सोडायला नाही म्हणाला. लगेच गुलाबसिंग पाटलानं त्याचंही विस्तवपाणी बंद केलं. आता त्याची सरलाबाई ओली बाळंतीण, खाटेखालची शेगडी विझलेली, आणि पोर गारठून कुईकुई करत होतं.

"काठी कोन्ही धरेल व्हती? इसरनी का?" छगन म्हणाला.

"नई इसरनी. पन रईवारले पाद्रीबाबा सांगे ना, दुश्मनवर माया करा. तू तव्हय घोरी ऱ्हायना व्हता, तुले कसं मालूम?"

छगननं सदऱ्याची दुसरी बाजू शेकायला घेतली.

दगूबाई तान्ह्या लेकाला पदराखाली घेऊन दोन अंगणांमधल्या बुटक्या कुडापाशी गेली. "दलसिंगभाऊ, खापरी आन. इस्तो देस."

दलसिंग माळ चाचपत म्हणाला, "नको बाई. तुम्ही कोंबडी-बकरी खातस."

"कोंबडी मी खास, भाऊ. मन्हा इस्तो निस्तं लाकूड खास."

त्याला हसू येता येता राहिलं. मान खाली गेली. "कोन्ता तोंडे लेऊ वं? त्या दिन मी काठी लईसन..."

"मंग ती काठी बी आन. चुल्हामा घालसूत."

पण तो जागचा हलेना. आतलं पोर रडून रडून थकलं, आवाज बारीक होत चालला. दगूबाईच्या पदराखालच्या तिच्या लेकानं तेवढ्यात पोटभर पिऊन ढेकर दिली. तिला ती ढेकर सोसवेना.

तोच मागच्या वाटेनं चिखल तुडवत पाटलीण कमलबाई आली. पदराखालून खापरीचा काठ डोकावत होता.

"दगू, मन्ही लाल कोंबडी इकडे ऊनी का वं?" नजर मात्र चुलीवर.

"ऊनी ना, पाटलीणमाय! ती देख, चुल्हामा बठेल शे. लालभडक."

कमलबाई लाजली. "पाटीलले सांगू नको, माय. मन्हंच इस्तोपानी बंद करी तो."

"करू दे. आमना वाडामा जागा शे."

दगूबाईनं खापरी काठोकाठ भरली, वर राख पसरली. "पन एक काम कर. जाता जाता अर्धा सरलाना खाटखाल ठेव. मन्हा हातना तिन्हा नवराले चालत नई."

"मी? मन्हाच नवराना हुकूम मोडू?"

"तो तं तू कोंबडी धुंडाले निंघनी तव्हयच मोडा."

आत पोर पुन्हा कण्हलं. कमलबाईनंही पोरं वाढवली होती. तिनं पदर खोचला आणि पाटलीण कूड ओलांडून पलीकडे गेली. दलसिंग दारातून बाजूला झाला.

छपरातून धूर निघाला. मग कितीतरी वेळानं पोर असं ठणठणीत रडलं, की छगन उठला, सुक्या गोवऱ्यांची पाटी उचलून कुडाकडे निघाला.

"कठे?" दगूबाईनं विचारलं.

"मी घोरत नव्हतू," तो मागं न बघता म्हणाला. "डोया मिटीसन ऐकी ऱ्हायना व्हतू."

सांजेला चावडीवर पाटील गरजला: दलसिंगाला विस्तव देईल त्याचं विस्तवपाणी बंद. दगूबाई हे ऐकत राखेत निखारा पुरत होती. आज तिनं एकाऐवजी चार पुरले.

उजाडता उजाडता मागच्या वाटेनं हाक आली, "दगू वं! मन्ही कोंबडी परत हराई गई!"

दगूबाईनं दार उघडलं. कमलबाईच्या हातात आज खापऱ्या दोन होत्या.